घराला टायर घेताना

शपथेवर सांगतो, पुढे लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. माझी गोष्ट सुरू झाली की ऐकणारे एकमेकांना कोपरखळ्या मारतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी पदरचं काहीही घालायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. तर आमच्या गाडीचे टायर हत्तीच्या पोटाएवढे होते. (बरं, हत्तीच्या पिल्लाच्या. बरं बाबा, टायर टायरएवढेच होते. पण बाकी सगळं खरं.)

गाडी म्हणजे मोटरहोम. पुढे ड्रायव्हर, मागे संसार. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागात एकतीस वर्षं कारकुनी करून मी मुदतीआधी सुटलो आणि तीन वर्षांपूर्वी हे फिरतं घर सेकंडहँड घेतलं. फिरायची हौस म्हणून घेतलं असं मी लोकांना सांगतो. खरं कारण आमचे सासरे.

सासरे चौऱ्याऐंशीचे. जन्मभर कुलुपं बनवली आणि दुरुस्त केली. आता कंबरेनं असा संप पुकारलाय की अर्ध्या तासावर बसवत नाही. आडवे पडले की राजे. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझ्या बायकोची ताई, घाटापलीकडे सहा तासांवर राहते. तिची रोपवाटिका आहे. रोपं काही शेजाऱ्यांकडे ठेवून येता येत नाहीत, त्यामुळे ताईला इकडे येता येत नाही आणि बाबांना तिकडे बसून जाता येत नाही. बापलेकींची चार वर्षं भेट नाही. तेव्हा बाबांना पलंगासकट उचलून न्यायचं, एवढ्यासाठी ही गाडी.

नेलं का? नाही. पहिल्या वेळी मी आदल्या दिवसभर गाडीत बसून रेडिओ ऐकला आणि बॅटरी बसली. दुसऱ्या वेळी सगळे तयार होऊन खाली आल्यावर मी किल्ली आत ठेवून दार लावलं. (सासरे कुलूपवाले. त्यांनी दहा मिनिटांत दार उघडलं, पण वाकल्यामुळे कंबर धरली आणि तेच जायचे राहिले.)

आता तिसरी वेळ. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. बायकोनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. (ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.)

"या वेळी राहिलं ना, तर 'पुढच्या महिन्यात जाऊ' हे बाबांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. त्यांच्यासमोर बसून. त्यांच्या डोळ्यांत बघून."

आणि बाबा? बाबा बुधवारपासूनच बूट घालून पडले होते.

त्याच बुधवारी संध्याकाळी मला वाटलं, घर एवढं झकपक केलंय आणि टायर तेवढे मळकट दिसतात. जरा पुसावेत. बस्स, एवढाच काय तो निर्णय! माणसानं टायर पुसू नयेत. धूळ ही देवानं काही विचार करूनच निर्माण केलेली आहे.

धूळ गेली आणि खाली भेगा दिसल्या. टाचेला पडतात तशा, बारीक बारीक. मी बुटाचं काळं पॉलिश आणलं आणि बोटानं भेगांत भरायला लागलो. दोन टायर भरून झाले, तोच मागून आवाज आला.

"काय भरताय?"

"काही नाही गं. जरा चकाकी."

बायको शिवणकाम करते. तिचं स्वतःचं दुकान आहे, आणि गळ्यात मंगळसूत्र असो-नसो, मोजायची टेप असतेच. तिनं खाली बसून अंगठ्यानं टायर दाबला. भेग उघडली आणि माझं पॉलिश आतून बाहेर आलं.

"विरलेल्या कापडाला इस्त्री केली म्हणून ते नवं होत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी दाखवून आणायचे."

"अगं, नक्षी बघ! बोट रुततंय. हे टायर चाललेच कुठेयत?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "चाललेच कुठेयत?"

टायरवाल्याला आमच्याकडे सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो टायरला हातोडीनं ठोकून कान लावतो आणि नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतो. गुरुवारी सकाळी आम्ही पायी चालणाऱ्याच्या वेगानं त्याच्याकडे गेलो. (वाटेत एका पायी चालणाऱ्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून हात केला.) बाबा आत पलंगावर होते. "निघालो का?" त्यांनी दोनदा विचारलं. "तालीम आहे, बाबा," मी सांगितलं.

डॉक्टरनं भेगा पाहिल्या, बोटाचा वास घेतला. "बुटाचं?"

"हो."

"तपकिरी नव्हतं, तेवढंच बरं." मग त्यानं टायरच्या कडेवर ठसवलेले आकडे दाखवले. "वहिनी, यातले शेवटचे चार वाचा."

"एक, चार, एक, तीन."

"तेराव्या सालातला चौदावा आठवडा. तेव्हा हा जन्मला. बारा वर्षं झाली. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, साहेब. म्हातारा होतो. आणि म्हातारा टायर घाटातच फुटतो, कारण घाटातच त्याला आयुष्यात पहिल्यांदा काम पडतं."

आतून बाबांचा आवाज आला, "म्हाताऱ्यांबद्दल काय चाललंय?"

"टायरबद्दल, बाबा!"

"मग ठीक."

आता निवड. एका कोपऱ्यात एक टायर उभा होता. त्याला बघितलं आणि मी विरघळलो. मुठीएवढे दात, रुंद छाती, रागीट चेहरा. असे चार टायर लावून मी घाट उतरतोय आणि समोरचे ट्रक नम्रपणे बाजूला होतायत, हे मला स्पष्ट दिसलं.

"हा!" मी म्हणालो.

"चिखलातून जाणार?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही."

"डोंगर चढणार? रस्ता सोडून?"

"छे."

"मग?"

"नाही म्हणजे... दिसायला..."

"यांचं हे असंच," बायको म्हणाली. "दिसण्यावर जातात."

"एकदा गेलो होतो, सव्वीस वर्षांपूर्वी," मी म्हणालो. "तेव्हा काही चुकलं नाही."

बायको क्षणभर टेपशी खेळली. डॉक्टर हसला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात खिडकीतून काठी बाहेर आली आणि त्या दातवाल्या टायरवर टकटक वाजली.

"हा आवाज करेल का? मला वर झोपायचंय."

"आजोबा, सहा तास चक्कीवर झोपल्यासारखं वाटेल."

"मग नको."

दातवाला गेला. डॉक्टरनं मागून दुसरा आणला. जाड बाजूंचा, गंभीर, हेडमास्तरच्या चेहऱ्याचा टायर. याच्याकडे बघून ट्रक सोडाच, सायकलही बाजूला झाली नसती.

"हा घरवाल्या गाड्यांसाठीच बनतो," डॉक्टर म्हणाला. "बाकीच्या गाड्या सामान उतरवून झोपतात. तुमची सामान घेऊन झोपते. टायरला रात्रंदिवस ओझं. म्हणून याच्या बाजू जाड. पण एक टायर किती उचलणार ते ठरलेलं आहे, आणि हवा किती भरायची तेही ओझ्यावर. तेव्हा सांगा, वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

"गाडीचं."

"हां, गाडीचं! तीन टन."

"मोजून?"

"मोजून म्हणजे... मनानं."

"मनानं मापं घेतली असती," बायको म्हणाली, "तर निम्मं गाव एका बाहीचं फिरलं असतं. काटा कुठे आहे?"

भंगारवाल्याच्या आवारात ट्रक वजन करायचा काटा आहे. डॉक्टरनं बजावलं, "शनिवारी जसे निघणार, अगदी तसे भरून जा. पाणी, गॅस, कपडे, माणसं, सगळं." आम्ही घरी आलो, सगळं चढवलं आणि दुपारी काट्यावर उभे राहिलो. काटेवाल्या बाई काचेच्या खोलीत बसतात आणि लाउडस्पीकरवरून बोलतात. मी सीटवर श्वास रोखून बसलो होतो. (कारण विचारू नका. तुम्हीही तेच केलं असतं.)

"चार हजार वीस," लाउडस्पीकर म्हणाला. भंगार वेचणारे सगळे वळून बघायला लागले. "कागदावर किती चालतं लिहिलंय?"

"साडेतीन हजार," बायकोनं कागद वाचला.

"मग पाचशे वीस किलो जास्त आहात."

"मी?" मी ओरडलो.

"गाडी. तुमचं नंतर बघू."

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, या चाकांत यापेक्षा ताकदवान टायर बसतच नाही. एक तर ओझं उतरवा, नाहीतर शनिवार विसरा.

बायकोनं वही काढली. मला फक्त बाबांचे बूट दिसत होते, पलंगाच्या कडेबाहेर आलेले, नाड्या बांधलेल्या.

आधी पाण्याची टाकी. ऐंशी किलो पाणी आवारात सोडलं. मग बायकोनं स्वतःच पुढे होऊन तिचं गाठोडं उतरवलं. ताईसाठी शिवलेले पडदे, चादरी, पिशव्या. चाळीस किलो. "ताईला पडदे नकोत, बाबा हवेत," ती म्हणाली. मग बाबांच्या पलंगाखालून एक पेटी निघाली.

"बाबा, हे काय?"

"थोडी कुलुपं. ताईच्या फाटकाला कुलूप नाही."

"एका फाटकाला तीस किलो कुलुपं?"

"कुठलं बसेल काय माहीत!"

या सगळ्यात मीही मागे नव्हतो. मी चमचे उतरवले. पायपुसणं उतरवलं. आरशावर लोंबणारं लिंबू-मिरचीएवढं प्लॅस्टिकचं अस्वल उतरवलं. प्रत्येक वस्तूला मी "वजन बघा, वजन बघा!" असं मोठ्यानं म्हणत होतो, कारण बायकोचं लक्ष आतल्या ओट्याकडे जाऊ नये, अशी माझी मनोमन इच्छा होती.

ते गेलंच. तिनं ओट्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. मग फरशीवर. मग भिंतीतल्या कपाटावर.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, हा दगडासारखा दिसणारा कागद आहे."

"दिसतो की नाही हुबेहूब?"

"दगड आहे हा."

"म्हणूनच."

आता कबूल केल्याशिवाय गत्यंतर नाही. गेल्या अख्ख्या हिवाळ्यात, बायको दुकानात गेली की मी गाडीत काम करत होतो. फिरतं असलं तरी घर आहे, घरासारखं असावं, एवढंच माझं म्हणणं. जमिनीला मी खऱ्या फरशा लावल्या. ऑफिसच्या लिलावातलं लोखंडी कपाट भिंतीत चिणलं. त्यात प्रवासात वाचायला जुनी मासिकं भरली. आणि काळ्या दगडाचा अखंड ओटा बसवला. बायकोला सांगितलं, सगळं कागदाचं. तिनं कौतुक केलं होतं. म्हणाली होती, "किती खरं वाटतं!"

"कशाला पण?" तिनं विचारलं.

मी चमच्यांकडे बघत सांगितलं, "सव्वीस वर्षं तू एका डुगडुगत्या टेबलावर कापड बेततेस आणि त्याच टेबलावर भाजी चिरतेस. एकदा म्हणाली होतीस, आपला एक ओटा असता तर. घरात जागा नव्हती. मग म्हटलं, इथे..."

तिनं ओट्याच्या कडेवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा. मग टेप काढून लांबी मोजली.

"छान झालाय," ती म्हणाली. "उतरवा."

लाउडस्पीकर बोलला, "ओटा नाहीतर आजोबा. दोन्ही जाणार नाही. मागे दोन ट्रक थांबलेत, लवकर ठरवा."

मी विचार केला. आता माणूस विचार करतोच! बस्स, एक सेकंद.

"तीन सेकंद," बायको म्हणाली. शिवणकाम करणाऱ्यांचं माप चुकत नाही.

"जावईबापू," बाबा आतून म्हणाले, "मी राहतो. ओटा नेऊन दाखवा तिला. म्हणावं, बाबांनी पाठवलाय."

ते चेष्टेनं म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांचा एक हात बुटाच्या नाडीकडे गेला, आणि ते मी पाहिलं. मग मात्र मी बाह्या सरसावल्या. भंगारवाल्याची चार माणसं मदतीला यायच्या आत मी एकट्यानं तो ओटा उपटला, खांद्यावर घेतला आणि आवाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. एकशे सत्तर किलो! पाठोपाठ कपाट, पंचाण्णव. मासिकं, पंधरा.

बायकोनं वहीत बेरीज केली. चारशे तीस उतरलं. अजून नव्वद जास्त.

"फरशा," ती म्हणाली.

"फरशा," मी म्हणालो. आणि शुक्रवारी दिवसभर छिन्नी-हातोडी घेऊन मी एकूण एक फरशी उखडली. इकडे माझी ठोकाठोक, तिकडे डॉक्टर चाकं काढून ते चार हेडमास्तर चढवतोय, आणि काठी टेकत बाबा दोघांवर देखरेख करतायत. संध्याकाळी काट्यावर पुन्हा उभे राहिलो. साडेतीन हजारांच्या आत! डॉक्टरनं त्या वजनाला मोजून हवा भरली आणि बायकोच्या हातात चिठ्ठी दिली, पुढे किती, मागे किती. (माझ्या हातात का नाही दिली, हे मी विचारलं नाही.)

शनिवारी सकाळी निघालो. काय सांगू तुम्हाला ते टायर! स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. घाटाच्या वळणावर मी एका हातानं गाडी वळवत होतो आणि दुसऱ्या हातानं बायकोला दऱ्या दाखवत होतो. मागे बाबा बूट घालून घोरत होते. एकदाही जागे झाले नाहीत. खड्ड्यांनाही कळलं असावं आत कोण झोपलंय ते.

ताई फाटकातच उभी होती, हाताला माती. बाबा पायरीवरून उतरले, काठी माझ्याकडे दिली आणि आजूबाजूला बघत राहिले.

"झाडं केवढी झाली," शेवटी म्हणाले.

"चार वर्षं झाली बाबा," ताई म्हणाली. मग खाली बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "काढा आता हे. आलात तुम्ही."

बायकोनं चष्मा पुसला. मी कडेला जाऊन टायर तपासत राहिलो. बराच वेळ तपासले. चांगले टायर होते.

आता सुरुवातीला शपथ घेतलीय म्हणून एक सांगून टाकतो. यातला काही भाग मी रचलेला आहे. ओटा मी एकट्यानं उचलला नाही. त्याला पाच माणसं लागली, आणि पाचवा मी नव्हतो. आणि फरशा निघाल्या नाहीत. शुक्रवारी दिवसभरात माझ्या छिन्नीनं एका फरशीचा एक कोपरा उडाला, बस्स. आयुष्यात मी चिकटवलेलं सगळं सुटलं, कपबशांचे कान, चपलांचे तळवे, भिंतीवरची तसबीर. या फरशा मात्र शेवटच्या श्वासापर्यंत चिकटून राहणार.

म्हणजे नव्वद किलो जास्तीचे ते जास्तीचेच राहिले. डॉक्टरनं गाडीत डोकावून पाहिलं, आता उतरवण्यासारखं काय उरलंय. बाबांकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब अठ्ठ्याहत्तर म्हणाले होते," डॉक्टर हळहळला. "बारा किलो कमी पडतायत हो."

"त्र्याण्णव," बायको म्हणाली. "यांच्या विजारी मी शिवते."

काट्यानं तिची बाजू घेतली. मी खरोखरच सडपातळ असतो तर बापलेकींची भेट हुकली असती, हे लक्षात घ्या. उलट मी उतरल्यावर तीन किलो शिल्लक उरले आणि त्यात बाबांनी पेटीतलं सगळ्यात मोठं कुलूप घेतलं. ते फाटकाला बसलं म्हणे. गाडी बायकोनं चालवली. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवते. ते टायर, लोणी, खड्डे वगैरे मी तिच्याकडूनच ऐकलेलं आहे. मी पोचलो तेव्हा बाबांचे बूट पायरीवर वाळत होते.

मी बसनं गेलो. घाटात आमच्या घरानं बसला ओव्हरटेक केलं. बायकोनं नुसता हॉर्न वाजवला. मागच्या खिडकीतून बाबांनी झोपल्या झोपल्या काठी हलवली.

"काय झकास घर आहे हो!" माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. "आणि टायर बघा, कोरे करकरीत. मालक मोठा रसिक असणार."

"मीच मालक," मी म्हणालो.

"तुम्ही? मग तुम्हाला का नाही बसवून घेतलं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर त्यांच्या वाट्याला आलेल्या चार बोटं जागेकडे पाहिलं.

"असो," ते म्हणाले. "आलं लक्षात."